काटा खाली आला तेव्हाच गाडी बाहेर काढायला हवी होती

एकूण ८७,००० रुपये, इंजिनच्या व्हॅक्यूम पंपाचं किट म्हणून एका गॅरेजवाल्यानं माझ्याकडून उकळलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण मित्रांनी विचारलं की मी "गेले थोडेफार" म्हणून विषय बदलतो, आणि अशा माणसांचं फावतं ते आपल्या याच लाजेमुळं. अ‍ॅडव्हान्स २५,०००. "माल कस्टममध्ये अडकलाय" म्हणून १८,५००. किट हातात देताना ३१,५००. फिटिंगचे १२,०००. त्याच्या किटनं इंजिनची जी वाट लावली ती निस्तरायला ४१,३०० लागले, ते वेगळेच.

गाडी होंडा सिटी व्हीटेक, जुनी दीड लिटरची, टर्बो टाकलेली. फक्त ड्रॅगसाठी, ४०२ मीटर सरळ आणि संपलं. रस्त्यावर ती येत नाही, फ्लॅटबेडवरून जाते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं चौकीत याच गोष्टीवरून माझीच उलटतपासणी झाली.

बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवल्यापासून ब्लो-बाय वाढला होता. पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटणारा हा गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, कोंडला की तेलाला वाट फुटेल तिथून बाहेर ढकलतो. माझ्या गाडीत डिपस्टिक वर उचलली जायची आणि हेड कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरायचं. हा गॅस काढून घेणारा कंपनीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या, ओढीवर चालतो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये ओढ उरतच नाही, उलट दाब येतो, तेव्हा तो मिटलेलाच बरा. मग सगळा भार ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या वाटेच्या, एका बारक्या होजवर, आणि त्यातून तेलाची वाफ इनटेकमध्ये जाते ती नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याला, आमंत्रण. एक्झॉस्टच्या कलेक्टरला (पाइप एकत्र येतात तिथं) तिरका पाइप वेल्ड करून क्रँककेस ओढून घ्यायची पद्धत असते, पण ती टर्बोच्या आधी चालत नाही कारण तिथं दाबच असतो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे फसलो तो काही अगदीच अडाणी नव्हतो.

हा माणूस बोलायला गोड. पहिल्या फोनपासून "भावा". इन्स्टावर गाड्यांचे झकास व्हिडिओ, गॅरेजमध्ये दोन बऱ्या गाड्या उभ्या. त्यानं विकलं ते असं: क्रँककेसमधला गॅस ओढून घेणारा, बेल्टवर चालणारा अमेरिकन व्हॅक्यूम पंप, तेलाची वाफ अडवणारा निळा अ‍ॅनोडाइज्ड कॅच कॅन, जाड ब्रेडेड होज, गेज, सगळं मिळून एक किट. "भावा, पंचवीस इंच व्हॅक्यूम देतो. रिंगा अशा चिकटतील की बघच." वेट संपच्या, म्हणजे तळातच तेल साठणाऱ्या, इंजिनात साधारण १५ इंचांच्या (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) पुढं कुणी जात नाही, कारण पिस्टन पिनला तेलाचे शिंतोडे मिळायला हवेत. मी तसं म्हणालोही. तो हसला आणि म्हणाला, "ते जुन्या लोकांचं." मला ते आवडलं, हे आता लिहिताना दात-ओठ खायला होतंय.

कस्टमची गोष्ट तर तुम्हाला नवी नाहीच. एवढंच सांगतो: माल खरंच बाहेरून आला असेल तर त्याचं बिल ऑफ एंट्री असतं. त्याचा नंबर मागा आणि कस्टमच्या आइसगेट साइटवर टाकून बघा. नंबर देत नाही म्हणजे माल कुठं अडकलेला नाही, तुमचे पैसे अडकणार आहेत.

आता तो क्षण. फिटिंग झालं, संध्याकाळची वेळ, मी ड्रायव्हरच्या सीटवर, तो बॉनेटवर वाकलेला. डॅशवर गेज लावलेलं. गाडी सुरू केली, काटा चढून वीस इंचांवर. "बघितलं? आयडलला वीस!" मी पाय दाबला. काटा झरकन शून्यावर. पाय काढला, काटा परत वर, वीसच्याही पुढं. मी विचारलं, आरपीएम वाढल्यावर व्हॅक्यूम कमी कसा होतो? तो म्हणाला, "रिलीफ व्हॉल्व्ह उघडतोय ना भावा, इंजिन वाचवतोय."

बेल्टवरचा पंप इंजिनबरोबर फिरतो. आरपीएम वाढले की ओढ वाढणार किंवा रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा ओढ सोडून देणाऱ्या झडपेच्या, आकड्यावर थांबणार. शून्यावर कशी येईल? पाय दाबल्यावर शून्यावर येते ती इनटेक मॅनिफोल्डची ओढ. त्यानं गेजची बारीक नळी फायरवॉलच्या मागून फिरवून सरळ मॅनिफोल्डला टोचली होती! कुठल्याही धडधाकट पेट्रोल गाडीत दिसेल तो आकडा मला दाखवला, आणि मी त्याचे १२,००० तिथंच यूपीआय केले. पण रिलीफ व्हॉल्व्ह नावाची वस्तू असते, पंपाच्या सिस्टिममध्ये ती असायलाच हवी, म्हणून उत्तर पटण्यासारखं होतं. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही पटलं असतं. नळी हातानं चाचपत शेवटपर्यंत जायची, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं.

शर्यतीआधी गाडी डायनोवर, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नेली. तिसऱ्या धावेला बेल्ट जळल्याचा वास, मग धाडकन डिपस्टिक बाहेर, आणि बेलहाउसिंगमधून, म्हणजे क्लचच्या कवचातून, तेलाची धार. क्रँकचं मागचं सील सुटून क्लच प्लेट तेलात न्हाली होती. हेच धावपट्टीवर झालं असतं तर तेल टायरखाली, आणि सिटी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे ताबाच सुटला असता. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची शर्यत अर्थातच हुकली.

भोसरीतल्या एका काकांनी पंप उघडला आणि बघताक्षणी म्हणाले, "अहो, हा डिझेल गाडीच्या अल्टरनेटरमागचा पंप आहे." डिझेल इंजिनाला थ्रॉटलची ओढ नसते, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी असा पंप लागतो. त्याला पॉलिश मारून नवी पुली आणि ब्रॅकेट लावलं होतं. असा माल जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर हजाराच्या आत मिळेल. त्या पंपाला इंजिनकडून तेल लागतं. तेलाच्या भोकात टेफ्लॉन टेप गुंडाळून एक बोल्ट पिळला होता. टेपचं पांढरं टोक बाहेर लोंबत होतं. पंप कोरडा फिरून जाम झाला, बेल्ट जळला, आणि मूळच्या ब्रीदरला त्यानं रबरी बूच मारल्यामुळं गॅसला बाहेर पडायला जागाच उरली नाही. कॅच कॅन कापला तर आत ना बॅफल (वाफ अडवणारे पडदे), ना जाळी, पाण्याच्या बाटलीसारखा नुसता पोकळ.

काकांनी हेड कव्हरला दोन जाड होज, आतून बॅफल आणि जाळी असलेला, खाली ड्रेन कॉक आणि वर फिल्टर असलेला उघडा कॅन बसवून दिला. ९,४०० रुपये, मजुरीसकट. "या इंजिनाला पंप कशाला हवा होता?" असं वर विचारलं, त्याला मी उत्तर दिलं नाही.

मग तक्रार. घर एका हद्दीत, गॅरेज दुसऱ्या हद्दीत, म्हणून इकडचे तिकडं पाठवतात आणि तिकडचे इकडं. झीरो एफआयआर कायद्यातच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. हे म्हटल्यावर साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, "वकील का?" मग फोटो बघून पहिला प्रश्न: "आरसीवर टर्बो आहे का?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, मलाच समजावलं. रस्त्यावर रेस लावता का, रात्री कुठं जाता, सोबत कोण असतं. फसवणारा बाजूलाच राहिला, आरोपी मी! शेवटी "माल मिळाला ना तुम्हाला? मग दिवाणी बाब आहे." अहो, माल मिळाला, पण सांगितलेला मिळाला का? सोन्याचे म्हणून पितळेचे दागिने विकले तर तेही दिवाणीच का? फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशाला ठेवलंय? साधा अर्ज घेतला, त्याचीही पोच मागून मागून मिळाली.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला. "ऑनलाइन फ्रॉड नाही, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन वस्तू घेतली." बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला ना सर?" पैसे गॅरेजच्या नावावर नव्हते, कुणा बाईच्या बचत खात्यात गेले होते. तेही बँकेला खटकलं नाही. सगळेच सभ्यपणे बोलतात, पाणीसुद्धा विचारतात, पण काम करत नाहीत.

त्यानं दिलेलं बिल मी खूप उशिरा नीट वाचलं. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ नं सुरू. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या साइटवर टाकला तर कापडाचं दुकान निघालं! पैसे देण्याआधी हे फोनवर बघता येतं, फुकट. आणि कॅन घेताना झाकण उघडून आत बोट घाला. विकणारा "सील तुटेल" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. तारखा पडतायत. समोरचा एकदाही आला नाही. गॅरेज मात्र रोज उघडं असतं, आणि "भावा" म्हणत नवी गिऱ्हाइकं चालूच आहेत.

चौकीत साहेब गेल्या वेळी म्हणाले, "एवढा मोठा फ्रॉड असता तर तुम्ही एकटेच कसे आलात?" तेव्हा पुण्यात ज्यांनी निळ्या कॅनचं असं किट घेतलंय त्यांनी आजच बॉनेट उघडून गेजची नळी कुठं जाते ते बघा, बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा, आणि ०७ असेल तर लाजत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या अर्जाला जोडायला मला दुसरा अर्ज हवाय.