हॉब्सन-जॉब्सन: काही महिने रोज वापरल्यानंतर

कंपनीच्या काळातली इंग्रजी पत्रे आणि प्रवासवर्णने मराठीत आणायचे काम अंगावर घेतले, तेव्हापासून हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा हा इंग्रजी कोश, रोज उघडतो आहे. आंग्र्यांच्या आरमाराची हकीकत वाचताना ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ ही जहाजांची नावे आडवी येतात आणि नेहमीचा इंग्रजी कोश तिथे फारसा उपयोगी पडत नाही. इथे पान उघडले की कळते, ग्रॅब म्हणजे आपली गुराब आणि गॅलिव्हॅटशेजारी आपले गलबत. दोन्ही शब्द कोकणच्या किनाऱ्याला पाठ असलेले, फक्त इंग्रज खलाशांच्या तोंडून वाकडे होऊन परतलेले.

कोश दोघांचा. बंगाल इंजिनिअर्समधला कर्नल हेन्री यूल आणि मद्रासच्या सनदी नोकरीतला संस्कृतचा जाणकार ए. सी. बर्नेल. बर्नेल १८८२ मध्येच गेला, पुस्तक १८८६ मध्ये निघाले. १९०३ मध्ये विल्यम क्रुकने त्यात भर घालून दुसरी आवृत्ती काढली. चौकटी कंसातला मजकूर त्याचा. नाव पडले ते मुहर्रमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन! या हुसेन!’ या आक्रोशावरून. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचे हॉब्सन-जॉब्सन केले. कोशभर हाच खेळ चालतो. युवराजाचा ‘अपर रॉजर’ होतो, ‘बाप रे बाप’चे ‘बॉबरी-बॉब’, धमकावण्याचे ‘डम्काउ’.

आणि इथेच वापरणाऱ्याची पहिली अडचण. साहेबाने शब्द कसा ऐकला आणि कसा लिहिला, ते माहीत असेल तरच तो वर्णक्रमात सापडतो. छापील प्रतीत मी पहिले काही आठवडे नुसती पाने उलटत होतो. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर पूर्ण कोश फुकट आहे आणि तिथे नोंदींच्या आतल्या मजकुरातही शोधता येते, हे कळल्यावर कामाला वेग आला. एक युक्ती सांगतो: मराठीसाठी कोशकारांनी वापरलेले चार अक्षरी लघुरूप, रोमनमधले एम-ए-एच-आर, शोधखिडकीत टाका. आपल्याकडून गेलेल्या किंवा गेल्याचा संशय असलेल्या शब्दांची रांगच समोर येते. त्याच संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. तो शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवावाच, कारण मराठीच्या बाबतीत यूल स्वतःही पुन्हा पुन्हा मोल्सवर्थकडेच जातो. बोंबिलाच्या नोंदीत त्याने तेच केले आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या नोंदीत अडकलो ती ‘मोर द श्यँ’. फ्रेंचमध्ये अर्थ होतो कुत्र्याचे मरण, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजही कॉलऱ्याला हे नाव देत. कुत्र्याचा इथे काहीएक संबंध नाही. शब्द मूळचा कोकणी-मराठी मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्यात आपल्या भाषेतले मरण आणि कुत्रा ऐकले. यूल मोडशी ‘मोडणे’वरून लावतो, शरीर मोडून पडते म्हणून. घरात मोडशी म्हणजे अपचन, सुंठ-ओव्याने बरे होणारे, एवढेच ऐकून असणाऱ्याला ही नोंद हादरवते. कारण खाली अवतरणे सुरू होतात: १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या साथीचे पोर्तुगीज बखरकार गास्पार कोर्रेयाने केलेले वर्णन, माणसे इतकी मेली की गव्हर्नरने चर्चची मृत्युघंटा वाजवायला बंदी केली, आणि इस्पितळात मेलेल्या एकाचे पोट फाडून वैद्यांना बघायला लावले. मग १५६३ चा गार्सिया द ऑर्ता, गोव्यातला पोर्तुगीज वैद्य. मग टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय सांगणारे प्रवासी. हिंदुस्थानात कॉलऱ्याची साथ लॉर्ड हेस्टिंग्जच्या (१८१३-२३) कारकिर्दीआधी नव्हतीच, या तेव्हाच्या समजुतीला यूल निराधार म्हणतो, आणि पुरावा म्हणून हा शब्दच पुढे करतो. एका शब्दाच्या नोंदीत रोगाचा तीन शतकांचा इतिहास मी दुसऱ्या कुठल्या कोशात वाचलेला नाही.

वांग्याची नोंदही अशीच लांब प्रवासाची. संस्कृतातून फारसी, अरबी, मग स्पॅनिश-पोर्तुगीज, आणि तिथून ‘ब्रिंजॉल’ होऊन परत हिंदुस्थानात. वेस्ट इंडीजमध्ये त्याचे चक्क ‘ब्राउन-जॉली’ झाले.

आता कुरकुर. अवतरणांवर डोळे मिटून विसंबावे, व्युत्पत्तीवर नाही. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ (मला काडीची पर्वा नाही) या इंग्रजांच्या म्हणण्यातला ‘डॅम’ म्हणजे आपला दाम, तांब्याचे नाणे, ही यूलची कल्पना वाचायला झकास आहे, पण नंतरच्या कोशकारांनी ती मानली नाही. मुंगसाचे इंग्रजी नाव आजचे कोश मराठीकडे नेतात. यूल तेलुगूपासून सुरुवात करतो. माझा नियम ठरला आहे: शब्द कोणत्या साली, कोणाच्या लिखाणात आला हे इथून घ्यायचे, तो कुठून आला हे दुसरीकडे ताडून पाहायचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही यूलचा भरपूर उपयोग केला, तरी त्याचे प्रत्येक मत स्वीकारले नाही.

सूर अर्थातच राज्यकर्त्यांचा आहे. कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने खणलेल्या ‘मराठा डिच’ या खंदकाला स्वतंत्र नोंद आहे, मराठे इथे बहुतेक वेळा खंदकाच्या पलीकडूनच दिसतात. नोकरचाकर, खानसामे यांच्याबद्दलचे काही शेरे आज वाचवत नाहीत. काही अवतरणे मूळ पोर्तुगीज-फ्रेंचमध्येच सोडून दिली आहेत, तिथे अडायला होते. आणि देवळालीच्या छावणीवरून पडलेला ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला, यात शोधू नका. तो या कोशानंतर रूढ झालेला शब्द आहे.

कोणासाठी? पेशवाई, कंपनी किंवा गोव्याचा इतिहास मूळ इंग्रजी साधनांतून वाचणाऱ्याला आणि अनुवादकाला याला पर्याय नाही. इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला कोणी घेणार असेल तर पैसे वाया जातील. विकत घ्यायचाच तर ऑक्सफर्डची २०१३ ची आवृत्ती संक्षिप्त आहे, हे आधी लक्षात घ्या; तिची प्रस्तावना चांगली, पण कामासाठी १९०३ च्या पूर्ण आवृत्तीचे पुनर्मुद्रण लागते. मी घेतलेल्या स्वस्त पुनर्मुद्रणात अवतरणांचा बारीक टाइप इतका पुसट उमटला आहे की सालातले तीन आणि आठ वेगळे कळत नाहीत. दुकानात मधली चार पाने उघडून बघा, मगच पैसे द्या.