कोर्टाची ऑर्डर आणून भावाला भरती करणे : पाचपैकी अडीच तारे

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वारस दाखले, प्रतिज्ञापत्रं, सातबाऱ्याच्या तक्रारी दिवसभर हाताखालून जातात, त्यामुळे सरकारी कागदाला मी भीत नाही. पण घरातल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उपचाराला न्यायचं असेल तर काय करायचं, हे समजून घेताना मलाही घाम फुटला. यात्रा कंपनीनं चहा गार दिला तरी लोक चार परिच्छेद लिहितात. या विषयावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, कारण बोललं की पोरीबाळींच्या सोयरिकी मोडतात. माझ्या पोरीचं लग्न झालंय. म्हणून मी लिहिते.

धाकटा भाऊ, घरात आम्ही त्याला बापू म्हणतो. दारू आधीपासून होतीच. पण मागच्या पावसाळ्यापासून दारूपेक्षा संशय वाढला. विहिरीत कुणीतरी औषध टाकलंय म्हणून घरचं पाणी बंद. भावजयीच्या हातचं जेवण बंद. मीटरच्या पेटीतून आपलं बोलणं ऐकतात म्हणून त्यानं चालू लाइनच्या वायरी हातानं ओढल्या. वाचला हे नशीब. मग उशाखाली कोयता आला, तेव्हा भावजय पोरांना घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “वन्सं, आता काहीतरी करा.”

काहीतरी म्हणजे काय, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं : कोर्टातून ऑर्डर काढा, पोलीस उचलून नेतील, सहा महिने आत राहील, सुधारून येईल. हे सांगणारे लोक खोटं बोलत नव्हते, फक्त जुनं बोलत होते. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाइकानं दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे माणसाला दवाखान्यात ठेवून घ्यायचा आदेश, मागायची सोय होती, त्याआधी इंग्रजांचा १९१२चा कायदा होता. तो सगळा कारभार २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गुंडाळला आणि २०१८पासून नवा कायदा लागू झाला. पारावर मात्र जुनाच कायदा लागू आहे.

पहिला थांबा, वकील. एक तारा, तोही खुर्ची दिली म्हणून. “सहा महिन्यांची ऑर्डर काढून देतो” म्हणाले आणि फीचा आकडा सांगितला. अर्जाचा मसुदा माझ्याच दुकानात टाइपिंगला आला, तेव्हा त्यात कलमं १९८७च्या कायद्याची होती. मी टायपिस्ट आहे, वकील नाही, पण कायद्याच्या नावापुढचं साल वाचता येतं. कागद परत पाठवला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता धरला. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत असतं. (फोन १५१००.) तिथं नेमून दिलेली वकील मुलगी माझ्या पोरीच्या वयाची होती. तिनं आधी सांगितलं की ताई, कोर्टाकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि मग अर्ज लिहिला.

कोर्टाला मी साडेतीन तारे देते. दंडाधिकारी मॅडमनी अर्ज खरंच वाचला, ही पहिली गोष्ट. मग विचारलं, “पेशंट कुठंय?” घरी. “सांभाळणारं कोण?” आम्हीच. “घरात छळ होतो, उपाशी ठेवतात, डांबून ठेवतात, असं काही?” मी म्हटलं, “उलट आहे, मॅडम, तोच आम्हाला डांबतोय.” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, की घरात ज्या रुग्णाची आबाळ किंवा छळ होतो, त्याच्यासाठी नव्या कायद्यात कलम १०१ आहे. आणि माणूस समोर हजर केला तर कलम १०२ खाली त्याला सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवता येतं, तेही भरती करून घ्यायचं म्हटलं तर जास्तीत जास्त दहा दिवस. सहा महिने नाहीतच कुठं. ज्याची माणसं त्याला सांभाळताहेत आणि उपचाराला न्यायला तयार आहेत, त्याचा रस्ता दवाखान्यातून जातो, कोर्टातून नाही. आणि न्यायचं कसं? तर ज्याच्या आजारपणामुळे त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं दिसतं, त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवणं हे कलम १०० प्रमाणे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. अर्ज निकाली काढताना त्यांनी आदेशात तेवढी ओळ लिहिली. दीड तारा कापला तो नक्कल विभागासाठी. तिथं त्या एका पानाच्या प्रमाणित नकलेला जे दिवस लागले, त्या दिवसांत बापू घरात कोयता घेऊन होता.

खरी गंमत इथं आहे. दवाखाना म्हणतो पेशंट आणा. पोलीस म्हणतात कोर्टाची ऑर्डर आणा. कोर्ट म्हणतं दवाखान्यात न्या. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये पेशंट घरी. कायदा करणाऱ्यांनी माणसाचे हक्क नीट लिहिलेत, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण दाराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्याला कोण नेणार, याचं उत्तर शोधायला एका बाईला दुकान बंद ठेवायला लागलं.

याच फटीत जी मंडळी धंदा करतात, त्यांना शून्य तारे. नाव लिहीत नाही, पण अशी केंद्रं तुमच्याही जिल्ह्यात असतील. फोनवर गोड आवाज : “ताई, काळजी सोडा. रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येतात, झोपेतच उचलतो.” मी नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणे “प्रोसेसमध्ये आहे”. मानसिक आजाराच्या माणसांना ठेवून उपचार करणाऱ्या प्रत्येक जागेला या कायद्याखाली नोंदणी लागते. नसेल तर पहिल्याच वेळी पाच ते पन्नास हजार दंड. साखळदंड तर कुठल्याही कारणानं चालत नाही. तामिळनाडूत एरवाडीला २००१च्या ऑगस्टमध्ये झापाच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून मेली. ते वाचल्यापासून ‘बांधून ठेवा’ म्हणणाऱ्याशी मी बोलणंच बंद केलंय. भावजयीचा भाऊ या गाडीवाल्यांना आगाऊ पैसे द्यायला निघाला होता. त्याला मी दुकानात बसवून कलम वाचायला लावलं.

पोलीस. ठाण्याला दोन तारे. पहिल्यांदा गेलो तर “घरगुती मामला आहे, समजूत काढा.” पुढच्या खेपेला “ऑर्डर आणा.” नक्कल हातात पडल्यावर मी नवा अर्ज टाइप केला, कलम १०० ठळक केलं, आदेशाची प्रत जोडली आणि आवक शिक्का मारून घेतला. शिक्का बसला की कागदाला पाय फुटतात हे मी धंद्यात शिकले आहे. तासाभरात साहेबांनी आत बोलावलं. साध्या कपड्यात माणसं पाठवा, एवढी विनंती मान्य झाली.

आलेल्या हवालदारांना मात्र माझे वेगळे पाच तारे. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, चपला बाहेर काढून ओट्यावर बसला. भावजयीनं कोयता आधीच कडब्यात खुपसला होता. हवालदारानं बापूला नाव विचारलं नाही की आजार विचारला नाही. सोयाबीनला यंदा काय भाव मिळाला विचारलं. बापू बोलेना. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकणाचं सील त्याच्यासमोर तोडलं, आपण एक घोट घेतला आणि बाटली पुढे केली. बापूनं निम्मी बाटली एका दमात संपवली. घरचं पाणी तोंडाला न लावणारा माणूस! अर्ध्या तासानं हवालदार म्हणाले, “मला बीपी दाखवायला जायचंय, चल संगतीला, तुझंही तपासून घेऊ.” आमचे नेहमीचे डॉक्टर चिठ्ठी देऊन १०८ची गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबले होते. ही चिठ्ठी सोपी वाटते पण तिलाही आधार आहे : कलम ९४. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, जवळचा नातेवाईक हजर असेल तर त्याच्या संमतीनं, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो आणि त्यात दवाखान्यापर्यंतची वाहतूकही धरली आहे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर कोर्टाची पायरी चढायला लागलीच नसती.

दवाखाना सरकारी, जिल्ह्याचा. चार तारे. फॉर्म भावजयीनं भरला, कारण कायद्याच्या भाषेत ती ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. बापूनं आधी कुणाला नेमलेलं नसलं की नातेवाइकाला तो हक्क मिळतो. दोघांनी त्याला वेगवेगळं तपासलं, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक वैद्यकीय अधिकारी. मी घटनांचा कागद टाइप करून नेला होता : तारीख, काय झालं, कुणी पाहिलं. तज्ज्ञ बाईंनी लाल पेन काढला. ‘कामधंदा करत नाही’ खोडलं. ‘दारू पिऊन शिव्या देतो’ खोडलं. ‘घराण्याची अब्रू घालवली’ (हे सासऱ्यांनी घालायला लावलं होतं) दोनदा खोडलं. वायरी, कोयता, अन्नपाणी सोडणं, एवढंच ठेवलं. म्हणाल्या, “स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा तशी भीती, नाहीतर स्वतःची इतकी आबाळ की जीव धोक्यात. कलम ८९ला एवढंच लागतं. बाकी तुमचं दुःख आहे, कारण नाही.” मला त्या क्षणी राग आला होता. तरी हा लाल पेन सगळ्या सेवेतला सर्वांत चांगला भाग होता असं मी आज म्हणते, कारण तो नसता तर गावातल्या निम्म्या नवऱ्यांना आणि जमिनीत वाटा मागणाऱ्या कित्येक बायकांना नातेवाइकांनी आत टाकलं असतं.

बापू समोरच बसला होता. त्यानं विचारलं, “माझी सही लागत नाही?”

“आत्ता नाही,” त्या म्हणाल्या, “पण हरकत असेल तर पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे अशी भरती योग्य की नाही ते तपासणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो. वकील मोफत मिळेल.”

“अर्ज ताईच्या दुकानात टाइप करून मिळंल का?” बापू म्हणाला. त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं असेल तर ते मी.

ही भरती जास्तीत जास्त तीस दिवसांची. दवाखान्यानं मंडळाला सात दिवसांत कळवायचं असतं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. रुग्णाला आपलं बरंवाईट कळतंय का, हे दर सात दिवसांनी तपासून लिहायचं. कळायला लागलं की जबरदस्ती संपली. राहायचं की जायचं ते त्यानं ठरवायचं. तीस दिवसांपुढे ठेवायचं असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी, पुढचा टप्पा नव्वद दिवसांपर्यंत. बापूवर ती वेळ आली नाही. मुदत संपायच्या आधीच त्यानं स्वतः सही करून थोडे दिवस राहतो म्हटलं. मंडळाकडे अर्जही त्यानं केला नाही. माझ्याशी मात्र अजून तुटकच बोलतो. ते त्याचं त्यानं ठरवलंय. एक तारा कापला तो कॉटसाठी आणि संडासासाठी. त्याबद्दल लिहायला बसले तर दुसरा लेख होईल.

हल्ली दुकानात लोक आडून आडून विचारतात, “नुसती दारू असेल तर?” व्यसनातून आलेले मानसिक विकार कायद्याच्या व्याख्येत आहेत, पण अटी त्याच, लाल पेनाच्या. पितो, पगार उडवतो, एवढ्यावर कुणालाही जबरदस्तीनं भरती करता येत नाही. अशांनी माणसाचं मन वळवायच्या मागे लागावं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण त्याच पायावर उभं आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, हा दुसरा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येतं. आणि बाईला मारहाण होत असेल तर त्याचा आजाराशी संबंध जोडत बसू नका, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाचा दाखला लागत नाही.

ज्याला आज हे करायचंय त्यानं माझ्या मते उलट्या टोकानं सुरुवात करावी. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एकट्यानं जाऊन घटनांचा कागद दाखवावा, मग घरच्या डॉक्टरला ९४ समजावून सांगावं, मग ठाण्यात १००चा अर्ज आवक शिक्क्यासह द्यावा. कोर्ट शेवटी, पोलीस हललेच नाहीत तर. रुग्णाचं आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि सीलबंद पाण्याची बाटली सोबत असू द्यावी.

शेवटचा अर्धा तारा औषधांवर गेला. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत असं कलम १८ सांगतं. आमच्याकडे बापूची एक गोळी असते, दुसरी महिनाभर नसते. ती मेडिकलमधून विकत आणतो. मी त्याचाही अर्ज टाइप करून दिलाय. आवक क्रमांक आहे, उत्तर अजून नाही.