बोनचं ओतेल-द्यू : इस्पितळ बघायला तिकीट काढा, वसूल आहे

फ्रान्सला जाणारे आपले लोक पॅरिस केलं की थेट स्वित्झर्लंड गाठतात, पण वाटेत दिजोंला थांबत असाल तर तिथनं ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत बोन नावाचं छोटं गाव येतं, तिथलं ओतेल-द्यू चुकवू नका. 1443 मध्ये बर्गंडीचा चान्सेलर (म्हणजे तिथल्या ड्यूकचा मुख्य कारभारी) निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी गरिबांसाठी काढलेलं हे इस्पितळ आणि 1971 पर्यंत इथे खरेखुरे पेशंट होते बरं का! आता म्युझियम केलंय.

रस्त्यावरून काही विशेष वाटत नाही, काळपट छप्पर. चौकात आलात की ती लाल-पिवळी-हिरवी नक्षीची कौलं दिसतात आणि सगळे तिथेच फोटो काढत बसतात. तुम्ही सरळ गरिबांच्या वॉर्डात जा. दोन्ही बाजूंना खाटांची रांग, लाल पडदे, वर रंगवलेलं लाकडी छत आणि टोकाला चॅपल, म्हणजे ज्याला उठवत नाही त्यालाही पडल्या पडल्या मीस (चर्चमधली प्रार्थना) ऐकता यावं. पुढे एका खोलीत जमिनीला काच लावलीय, खालनं ओढा वाहतो, इस्पितळाची घाण त्यातच सोडायचे (खालच्या अंगाला राहणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे). फान डेर वायडन या जुन्या फ्लेमिश चित्रकाराचं अंतिम न्यायाचं चित्र वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे, तिथे घाई करू नका.

मला खरं भारी वाटलं ते पैशाचं गणित. आपल्याकडे देवळाला कुळागर (सुपारी-नारळाची बाग) लावून देतात तसे लोकांनी इस्पितळाला द्राक्षाचे मळे दिले, आज साधारण 60 हेक्टर आहेत. त्या वाइनचा 1859 पासून लिलाव होतो, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, बोली बाटलीवर नाही तर अख्ख्या पिंपावर, आणि पैसा आजच्या चालू इस्पितळाला जातो.

पणजीचं जुनं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आठवलं. इस्पितळ बांबोळीला गेलं, इमारतीत इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आली, इमारत टिकली हे चांगलंच झालं, पण एखादा वॉर्ड खाटांसकट जसाच्या तसा ठेवायला काय हरकत होती?

ऑडिओ गाइड घ्याच, दोन तास हाताशी ठेवा. जेवण मात्र दोनच्या आत उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, गोंयकारांना हे समजावून सांगायला नको. लिलावाच्या दिवसांत जाणार असाल तर हॉटेल खूप आधी बुक करा. आणि वाइन पीत नसाल तर फालोची मस्टर्डची मिल आहे, 1840 पासूनची, तिथनं बाटल्या आणा, घरी फिश फ्रायबरोबर झकास लागतं.