स्टोकमार्क्नेसचं हुर्टिग्रुटेन संग्रहालय: तासाभरात काय पाहावं, काय सोडावं

‘हुर्टिग्रुटेन’ या नॉर्वेच्या किनारी बोटसेवेनं दक्षिणेकडे येणाऱ्यांना स्टोकमार्क्नेसला दुपारी साधारण तासभर मिळतो. बंदरालगतच काचेची उंच इमारत आहे आणि तिच्या पोटात एक अख्खं जहाज उभं आहे: हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत १९५६ साली बांधलेलं ‘फिन्मार्कन’. लांबी ८० मीटरच्या वर. संग्रहालय छोटंच, पण इथली मुख्य वस्तू कपाटात मावणारी नाही. बहुतेक लोक आत शिरताच सलूनकडे, म्हणजे प्रवाशांच्या दिवाणखान्याकडे, वळतात आणि फोटो काढण्यातच तास संपवतात. तसं करू नये. सलून शेवटी ठेवा, आधी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, जा.

तिथं हॅच (मालाच्या कोठाराचं डेकवरचं तोंड) आणि डेरिक (माल उचलणारे दांडे) आहेत, म्हणजे या बोटीची खरी कमाई. धक्क्याला लागलेल्या वेळात मासळीची खोकी, यंत्रांचे सुटे भाग, कधी मोटारगाडी, सगळं उचलूनच चढवायचं किंवा उतरवायचं. किनारी बोटींवरची जुनी पद्धत दोन डेरिकांची: एक हॅचवर रोखलेला, दुसरा धक्क्यावर, आणि दोघांच्या तारा एकाच आकड्याला. एक विंच (तार गुंडाळणारं यंत्र) ओढते, दुसरी ढील देते, माल हवेतच आडवा सरकतो. डेरिक हलतच नाहीत. गडबड होते ती तारांमधल्या कोनात. कोन ९० अंश असेल तर एक टनाच्या ओझ्यापायी प्रत्येक तारेवर सुमारे ७०० किलोंचा ताण येतो, आणि १२० अंशांवर अख्खा टन. माल गरजेपेक्षा उंच उचलला की कोन फाकतो आणि तार तुटते. म्हणून मुरलेला विंचवाला माल हॅचच्या कठड्यावरून जेमतेम निघेल इतकाच उचलतो. १९८० च्या दशकातल्या नव्या बोटींना बाजूला दारं आली, फोर्कलिफ्ट थेट आत जाऊ लागली आणि हे कसब मागे पडलं.

तिथून ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, जा. रिचर्ड विथ या कप्तानानं १८९३ साली ही सेवा सुरू केली. ‘वेस्टरॉलेन’ ही आगबोट २ जुलैला ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टला निघाली. मोठ्या कंपन्यांनी आधीच नकार दिला होता: ट्रॉनहाइमच्या उत्तरेला जेमतेम २८ दीपगृहं, हिवाळ्यात दिवसचे दिवस अंधार, बोट रात्रीची चालवायची कशी? विथची भिस्त होती होकायंत्र, घड्याळ आणि टिपणवहीवर. दिशा अमुक, वेग अमुक, इतकी मिनिटं, मग वळण. हिशोब सोपा दिसतो: १० नॉटनं (ताशी १० समुद्री मैल) १० मिनिटं म्हणजे सुमारे १.७ समुद्री मैल. पण एक नॉटचा आडवा प्रवाह अर्धा तास लक्षात आला नाही, तर बोट ९०० मीटर बाजूला सरकलेली असते, आणि इथल्या सुंदांमध्ये, म्हणजे अरुंद सामुद्रधुन्यांमध्ये, तेवढी जागाच नसते. शिवाय मालाच्या कोठारात लोखंड भरलं की होकायंत्र बहकतं, ते वेगळंच. कागदावर एक आकडा चुकला तर काय होतं, हे १९६२ मध्ये ‘सांक्त स्वितुन’ या बोटीनं दाखवलं: र्‍योर्विक गाठण्याआधीच चुकीची दिशा धरली गेली, बोट उघड्या समुद्राकडे गेली आणि खडकावर आपटली. चाळीसहून जास्त माणसं गेली.

युद्धाचा भागही वगळू नका. विथच्याच नावाची बोट १९४१ मध्ये ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली.

केबिनींत बघण्यासारखा आहे तो वर्गभेद. एकाच बोटीत पहिला आणि दुसरा वर्ग. १९१२ च्या जुन्या ‘फिन्मार्कन’चं जपून ठेवलेलं सलूनही इथंच आहे, लाकूडकाम देखणं, पण पाच मिनिटं पुरे.

इमारतीला ‘काचेचा डबा’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जहाजाचा मागचा इतिहास पाहावा. १९९३ मध्ये ते सेवेतून निघालं, १९९९ मध्ये जमिनीवर चढवलं आणि त्यानंतर वीसेक वर्षं पाऊसवारा खात उघड्यावर होतं. चालत्या बोटीवर खलाशी रोज कुठं ना कुठं गंज खरवडत, रंग लावत असतो आणि आतली हवा गरम राहते. बंद बोटीत दोन्ही थांबतं. फळ्यांच्या सांध्यांतली भरणी भेगाळते, पाणी खाली पोलादावर साचून बसतं, थंड भिंतींना आतून दव सुटतं. शिवाय पाणी जहाजाला सगळीकडून उचलून धरतं, जमिनीवर मात्र सगळा भार टेकूंवर येतो. २०२१ मध्ये छप्पर मिळालं, तेही उशिराच म्हणायचं. एक गोष्ट मात्र परत आणता येत नाही: इंजिनाची थरथर. पायाखालचं डेक मुकं वाटतं.

वेळेचं गणित नीट जमवा. बोटीला उशीर झाला असेल तर बंदरातला मुक्काम आखडतो, आणि पहिला फटका याच भेटीला बसतो. निवांत पाहायचं असेल तर उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीतून मध्यरात्रीनंतर इथं उतरा, गावात झोपा, सकाळी संग्रहालय करा आणि दुपारची दक्षिणेची बोट धरा. तिकीट मात्र तसं तोडून काढावं लागेल. उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आधी तपासा. आणि तासाभराच्या भेटीत पंधरा मिनिटं परतीसाठी राखा. पुढं लगेच राफ्टसुंद लागतो, तिथं डेकवर उभं राहायला जागा हवी असेल तर वीस.