क्लोरहेक्सिडीन माउथवॉश : औषध म्हणून उत्तम, सवय म्हणून नको

स्केलिंग (दात खरवडून स्वच्छ करणे) झाल्यावर किंवा दाढ काढल्यावर दंतवैद्याच्या चिठ्ठीवर हमखास दिसणारे ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेटचे माउथवॉश सुपरमार्केटमधल्या रंगीबेरंगी बाटल्यांशेजारी ठेवले, तर त्यांच्यातलेच एक वाटते. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असल्यामुळे मला ते स्केलिंगनंतर लिहून देण्यात आले. वापरून झालेले माझे मत असे की हे औषध म्हणून अतिशय गुणकारी आहे, पण रोजच्या वापरासाठी गैरसोयीचे आहे; आणि या दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे तोंडात चिकटून राहण्याचा त्याचा स्वभाव.

जिवाणूंच्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन, त्यामुळे हा रेणू जिवाणूकडे ओढला जाऊन त्याच्या आवरणाला बिलगतो. औषधाचे प्रमाण कमी असेल तर ते आवरण गळके होऊन पोटॅशियमसारखे घटक बाहेर झिरपतात व जिवाणूंची वाढ खुंटते. प्रमाण जास्त असेल तर पेशीच्या आतला द्रव साकळतो आणि जिवाणू मरतो. जिवाणू मारणारी द्रव्ये इतरही पुष्कळ आहेत. लिस्टरीन हे माउथवॉश तर १८७९ पासून आहे आणि त्यातली थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल ही द्रव्ये जिवाणूंवर खरोखरच परिणाम करतात. पण चूळ थुंकल्यावर त्यांचा प्रभाव फार काळ टिकत नाही. क्लोरहेक्सिडीनचा मात्र सुमारे ३० टक्के भाग दातांवरच्या लाळेच्या पातळ पापुद्र्याला, जिभेला आणि गालांच्या आतल्या अस्तराला धरून मागे राहतो व तिथून कित्येक तास थोडा थोडा सुटत राहतो. दिवसातून दोनच वेळा चूळ भरायला सांगतात, ते याच भरवशावर.

या औषधाची ख्याती ज्या प्रयोगाने झाली, तो १९७० साली डेन्मार्कमधल्या आर्हूस येथे दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्याने केला. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दात घासणे बंद करून दिवसातून दोनदा ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलीने चुळा भरल्या, आणि तरीही त्यांच्या दातांवर थर जमला नाही की हिरड्या सुजल्या नाहीत. मात्र या विद्यार्थ्यांचे दात आधी स्वच्छ करून घेतलेले होते, आणि हा तपशील दुकानात बाटली मागणाऱ्या माणसाच्या कानावर सहसा जात नाही. एकदा जमलेल्या थरात जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात सुरक्षित बसलेले असतात. औषध त्या थराच्या वरच्या भागापलीकडे फारसे पोहोचत नाही, आणि थर कडक होऊन बनलेल्या कीटणाला तर ते काहीच करू शकत नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये पडलेल्या खोल फटीतही चूळ उतरत नाही. म्हणून आधी स्केलिंग आणि मग माउथवॉश हाच क्रम योग्य आहे. जाहिरातींतले ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ वाचतानाही हा फरक ध्यानात ठेवावा, कारण परीक्षानळीतले मोकळे जिवाणू मारणे तुलनेने सोपे असते.

माझ्या बाबतीत रक्त येणे थांबले, आणि त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय मी स्केलिंगला देईन. वापरण्याची रीत सोपी आहे: झाकणावरच्या खुणेपर्यंत १० मिली घ्यावे, पाणी न मिसळता मिनिटभर खळखळवावे, थुंकावे आणि लगेच पाण्याने तोंड धुऊ नये. टूथपेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट या औषधाला निकामी करते, त्यामुळे ब्रश केल्यावर निदान अर्धा तास थांबावे लागते. सकाळच्या घाईत हा अर्धा तास जाचक वाटतो.

खरी कुरकुर चवीबद्दल आणि डागांबद्दल आहे. चूळ तोंडात असताना पुदिन्याचा वास सुखद वाटतो, पण नंतर कडवटपणा रेंगाळतो आणि मीठ नीट कळेनासे होते. घरच्यांना बेताची वाटणारी आमटी मला अळणी लागत होती. काही दिवसांनी खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीलगत, तपकिरी रेघ दिसू लागली आणि जिभेचा मागचा भागही तसाच झाला. चिकटलेले औषध चहातल्या रंगद्रव्यांना धरून ठेवते, आणि आपल्याकडे दिवसभरात चहा किती होतो हे निराळे सांगायला नको. हे डाग वरवरचे असतात व दंतवैद्याकडे पॉलिशिंगने निघतात. कीटण वाढण्याची शक्यता मात्र खरी आहे.

महिनोन्‌महिने वापरू नये याला आणखीही कारण आहे. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड बनवते. हे औषध त्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही, आणि काही छोट्या अभ्यासांत अशा चुळांनंतर रक्तदाब किंचित वाढलेला आढळला आहे. अमेरिकेत ०.१२ टक्क्यांचे द्रावणही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडे मात्र ते सहज हातात पडते आणि तोंडाच्या वासावर घरगुती उपाय म्हणून मुक्काम ठोकते.

दिवसाला २० मिली या हिशेबाने १६० मिलीची बाटली आठ दिवस पुरते, म्हणजे दोन आठवड्यांसाठी दोन बाटल्या पुरेशा आहेत. तिसरी विकत घेण्याआधी दंतवैद्याला हिरड्या दाखवाव्यात.