बुळबुळीत, गुळगुळीत आणि सगळ्यांना एकच 'स्लिपरी'

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जपानी शिकवणीने छापलेला हा शब्द शिकायच्या पत्त्यांचा संच. ४८ पत्ते, ३५० रुपये, आवाज ऐकायला क्यूआर कोड. विषय गिताइगो, म्हणजे स्पर्शाची किंवा हालचालीची नक्कल करणारे जपानी शब्द (आवाजाची नक्कल करणारे ते गिओन्गो). त्यातलेही दोनच गट घेतलेत: निसरडे-चिकट आणि वळवळणारे. निवड नेमकी आहे. एन-३ (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची मधली पातळी) ओलांडून पुढे गेलेले विद्यार्थी इथेच घसरतात. चित्रंही झकास, गोगलगाईच्या पत्त्याकडे बघूनच हात पुसावासा वाटतो. घोळ आहे तो मागच्या बाजूला.

मागे अर्थ इंग्रजीत दिलाय आणि त्सुरुत्सुरु, नुरुनुरु, नुमेनुमे या तिन्ही पत्त्यांवर एकच शब्द: 'स्लिपरी'. बेळगाव-खानापूरच्या मुलांच्या तोंडात गुळगुळीत, बुळबुळीत, तुळतुळीत, गिळगिळीत आयते आहेत, शेजारच्या कन्नडातला 'लोळे' कानावर आहे, आणि शिकवायला मात्र इंग्रजीची वाट!

फरक असा. त्सुरुत्सुरु म्हणजे मुळात पृष्ठभागच गुळगुळीत: पॉलिश केलेली फरशी, बर्फ, तुळतुळीत टक्कल. नुरुनुरुला वर एक ओला थर लागतो: पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर धरलेलं शेवाळ, साबणाचे हात, वाम माशाचं अंग. पायरीचा चिरा कितीही खडबडीत असो, शेवाळ धरलं की नुरुनुरु होतो, त्सुरुत्सुरु होत नाही. नुमेनुमे त्याच जातीचा, पण त्यात ओली चकाकी डोळ्यांनाही दिसते. नेबानेबाचा पत्ता 'स्टिकी' म्हणून सोडून दिलाय. त्याची खूण तार आहे. तार सुटली पाहिजे.

हे पाठ करण्यापेक्षा चार भेंड्या चिराव्यात. चिकट रस अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करा, तार निघते: नेबानेबा. तीच बोटं न चोळता नळाखाली धरा, तार तुटते पण बोट बोटावरून सटकत राहतं: नुरुनुरु. पुढचा धडा अळकुडीचा. जपान्यांची सातोइमो ही अळकुडीच, वनस्पती एकच. तिकडे ती सोलून मीठ चोळतात आणि धुतात, ती 'नुमेरि' काढायला. नुमेरि म्हणजे तो बुळबुळीत थर. मोरीच्या जाळीवर धरतो तोही नुमेरिच. कच्ची अळकुडी हाताला खाजते, म्हणून प्रयोगापुरती उकडून सोललेली बरी. नुमेरिचा पत्ता संचात नाही, आणि रोजच्या जपानीत हा शब्द तर हटकून भेटतो.

छपाईतली एक चूक मात्र माफ करण्यासारखी नाही. त्सुरुत्सुरुच्या पत्त्यावर उच्चार देवनागरीत 'सुरुसुरु' छापलाय. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेवरून सुरुवातीच्या 'त्स'मधला त निसटतो, तीच सवय इथे उतरलेली दिसते. पण सुरुसुरु हा जपानीत वेगळाच शब्द आहे: न अडखळता सरसर सरकणं, माकड झाडावर चढतं तसं. मराठी माणसाला ही चूक करायचं कारणच नाही. 'चुना' म्हणताना जो च येतो, तोच हा त्सु. पेनने दुरुस्त करून घ्या. सुरुसुरुचा पहिला वर्ण घोष (गळ्यातून घुमवून) केला की जुरुजुरु होतो ('जुना'तला ज), आणि लगेच वजन वाढतं: फरफटणं, नाक ओढणं. हलका-जड असा हा खेळ जपानीत सगळीकडे चालतो, कोरोकोरो बारीक खड्याचं घरंगळणं, गोरोगोरो धोंड्याचं. संचात त्यावर चकार शब्द नाही.

वळवळीचा गट जास्त चांगला जमलाय. न्योरोन्योरो फक्त लांब, सडपातळ, अंग वळवत जाणाऱ्या जिवाला: साप, वाम. मोझोमोझो म्हणजे पांघरुणाखाली काहीतरी चुळबुळतंय, दिसत नाही पण जाणवतंय. उजाउजा म्हणजे किडे बुजबुजलेत. एकट्या किड्याला तो चालत नाही. चूक एकच, वळणावळणाच्या घाटरस्त्याच्या चित्राखाली न्योरोन्योरो टाकलाय. चोर्ला घाट कुनेकुने आहे. रस्ता स्वतः हलत नाही, वाकडातिकडा असतो. लाटांसारखे चढउतार घेत गेलेल्या टेकड्यांना उनेउने. पिचिपिचीवर फडफडणारा ताजा मासा दाखवलाय, बरोबर आहे, पण तोच शब्द तरुण मुलींबद्दलही वापरतात आणि तो आता जुनाट, आचरट वाटतो, ही सूचना हवी होती.

सगळ्यात मोठी उणीव व्याकरणाची. पत्त्यावर शब्द एकटा छापलाय, वाक्यात तो बहुतेकदा एकटा येत नाही. 'त्सुरुत्सुरु तो सुबेरु' म्हणजे सुळसुळ घसरणं, 'त्सुरुत्सुरु नि मिगाकु' म्हणजे घासून गुळगुळीत करणं, 'नुरुनुरु शिता इशि' म्हणजे बुळबुळीत दगड. 'तो'बरोबर पहिल्या वर्णावर सूर चढून लगेच उतरतो, 'नि'बरोबर शब्द सपाट जातो. ध्वनिफितीतला आवाज अस्सल जपानी असूनही हा फरक कळत नाही, कारण तिथेही शब्द सुटाच म्हटलाय. एकदाच घडणारी रूपंही गायब आहेत. त्सुरुत्तो म्हणजे सुळकन. आपला '-कन' आणि त्यांचा '-त्तो' जवळजवळ एकच काम करतात. उकडलेलं अंडं टरफलातून अलगद सुटतं ते त्सुरुन्. आणि हल्ली गेम किंवा ॲनिमेशन न अडकता, लोण्यासारखं हलतं त्यालाही 'नुरुनुरु उगोकु' म्हणतात. पत्त्यावरच्या मासळीने तो कळायचा नाही.

वापरायचेच असतील तर मागच्या इंग्रजीवर कोरी चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर मराठी शब्द, एक वाक्य, आणि 'तो', 'नि', 'सुरु' (म्हणजे करणं, वरचं 'शिता' त्याचंच रूप) यांपैकी काय लागतं ते लिहा. दिवसाला सहा पुरेत. जवळचे शब्द एकाच दिवशी घ्या, वेगवेगळ्या दिवशी घेतले की पुन्हा सगळे 'स्लिपरी' होतात. एन-५, एन-४ या सुरुवातीच्या पातळ्यांवाल्यांनी इतक्यात पैसे घालू नयेत.

लॅमिनेशन गुळगुळीत आहे, त्सुरुत्सुरु म्हणावं असं. पण जून-जुलैत इथल्या दमट हवेत पत्ते एकमेकांना चिकटतात आणि गठ्ठाच बेताबेता होतो. पत्र्याच्या डब्यात, कोरड्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवा.