राउटरची खाच चुकली: भुसा भरायचा, तुकडा बसवायचा की फळीच बदलायची?

राउटर म्हणजे लाकडात खाच मारायचं मशीन, त्याची खाच चुकीच्या जागी पडली की माणसाचा हात आधी फेविकॉलच्या डब्याकडे जातो. जरा थांबा. खाच किती चुकली हे नंतर बघा, त्या फर्निचरवर शेवटी काय चढणारे ते आधी बघा, सनमायका, रंग का पॉलिश, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो.

सनमायका किंवा ऑइलपेंट असेल तर भरणीच करा, जास्त डोकं लावू नका. भरणीत पण दोन प्रकार. भुसा-फेविकॉल स्वस्त आणि हाताशी, पण त्यातलं पाणी उडालं की ते खाली बसतं, म्हणजे दुसरा हात मारावाच लागतो, नाहीतर रंगाखाली लांबट खड्डा दिसतो. अराल्डाइटमधे (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) भुसा कालवला तर तसं बसत नाही आणि पकड पण भारी. फक्त आपल्या सोलापूरचं ऊन लक्षात ठेवा, एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमधे तर विचारूच नका, एकदम गोळा कालवून ठेवला तर तो स्वतःच गरम होऊन हातातच घट्ट होतो, त्यामुळं थोडं थोडं कालवायचं, टाइलच्या तुकड्यावर पसरून, आणि जमलं तर सकाळी.

पॉलिश असेल तर मात्र भरणी विसरा. सागवानावर भुसा-फेविकॉलचा पट्टा उठून दिसतोच, फेविकॉल सुकला की तिथं स्टेन नीट मुरत नाही आणि मिस्त्री कितीही म्हणू दे "पॉलिशमधे जातंय ओ", ते जात नाही. इथं त्याच लाकडाचा तुकडा. खाच फळीच्या रेषांच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेनं असेल तर सोपं आहे, त्याच फळीच्या उरलेल्या लाकडातनं पट्टी काढायची, १२ मिमीची खाच असेल तर पट्टी केसभर जाड ठेवायची आणि रंध्यानं एकेक पापुद्रा काढत हलक्या ठोक्यानं आत जाईल इतकीच करायची. खाच मधेच थांबली असेल तर तिचं टोक गोल असतं, ते पटाशीनं चौकोनी करून घ्या. पट्टी मिलीमीटरभर वर राहू द्या, रात्रभर सुकू द्या, मग रंधा.

आडव्या खाचेत खरी गोची आहे, म्हणजे कपाटाच्या बाजूला फळी बसवायला मारलेली खाच. तिथं लांब पट्टी सरळ ठोकून दिली की काम झालं असं वाटतं, पण पट्टीच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या जातात. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणजे पावसाळ्यात फळी फुगणार, उन्हाळ्यात आकसणार आणि पट्टी तिथंच, मग सांधा उकलतो. म्हणून तुकडे आखूड कापून, रेषा फळीच्याच दिशेनं ठेवून शेजारी-शेजारी लावावे लागतात. किचकट आहे, नाही म्हणत नाही. पण पॉलिशखाली हेच टिकतं. आणि जुन्या वाड्याचा सागवान असेल तर तुकडा त्याच्यातलाच घ्या, त्याच्यापुढं नवा साग फिका दिसतो, त्यामुळं काम संपेपर्यंत एक चिपळी पण फेकू नका.

खाच दोन-चार मिमीच चुकली असेल तर आधी रुंद करून जाड फळी बसते का बघा, किंवा वरनं बीडिंग (बारीक लाकडी पट्टी) मारा. कपाटाच्या आत कोण बघतंय.

नवी फळी कधी? खाटेच्या पायात किंवा ज्या सांध्यावर वजन येतं तिथं चुकीचा घाव बसला असेल तर सरळ बदला, लांबी (पुट्टी) भरून तिथं ताकद येत नाही. ड्रॉवरचं तोंड असेल तरी बदला, तेवढं तुकड्यात निघतं. पण सात फुटी कपाटाची बाजू असेल तर प्लाय येतो ८ बाय ४ चा, एका चुकीसाठी अख्खी शीट, आणि सागवान तर घनफुटावर, तिथं तुकड्याची मेहनत परवडते.

दुरुस्तीआधी राउटरचा बिट (कापणारं पातं) घट्ट आहे का तेवढं बघा, कोलेट (बिट धरणारी पकड) ढिला असेल तर बिट हळूहळू खाली सरकतो आणि खाच पुढं पुढं खोल होत जाते, मग नवी खाच पण तशीच येणार. आणि नवी खाच तुकड्याला चाटून जाणार असेल तर गाइडपट्टी क्लॅम्पनं आवळा, खोली दोन-तीन फेऱ्यांमधे घ्या, एकदम घेतली तर बिट तुकडाच उपटून काढतो.